उंबराचं फूल झालेले मित्र

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की सांगलीच्या होस्टेलवरचे तुम्ही नऊ जण पांगून दीड वर्ष झालं आणि तेव्हापासून मेसेज तूच करतोस, फोन तूच करतोस, भेटही तूच ठरवतोस. तू थांबलास की सगळंच थांबतं. शेवटी तू एक बेत लिहिला आहेस: महिनाभर कुणालाच काही पाठवायचं नाही, बघू कोण आठवण काढतं.

तो बेत तेवढा आधी रद्द कर.

या परीक्षेत परीक्षार्थीला परीक्षा आहे हेच ठाऊक नसतं. आपणहून फोन लावायची सवय कुणाला आहे, एवढंच तिच्यातून कळतं आणि ती सवय नऊ जणांत एखाद-दुसऱ्यालाच असते. घरात नळाला पाणी आलं की उठणारं माणूस जसं ठरलेलं असतं, तशी मित्रांतही मुकादमी एकाच्या गळ्यात पडते. तुमच्यात ती तुझ्या गळ्यात आहे. काम होतंय असं पाहून बाकीचे निवांत झालेले असतात, त्यात फारसा खोटेपणा नसतो. शिवाय महिनाभराच्या उपासानंतर तू जो पहिला मेसेज करशील, त्यात टोमणा येणारच: 'काय साहेब, उंबराचं फूल झालात!' समोरचा आधीच ओशाळलेला असतो; टोमण्यामुळे उत्तर देणं त्याला आणखी जड जातं. (जाता जाता: उंबराला फुलं येतात, भरपूर येतात. ती फळाच्या आत असतात आणि चिलटाएवढ्या कीटकांना बरोबर सापडतात.)

त्यापेक्षा एका रविवारी तासभर काढ. वहीचं एक पान घे आणि आठ-दहाच नावं लिही. प्रत्येक नावापुढे चार रकाने कर: बोलणं कुणी सुरू केलं, तू नेमकं काय पाठवलंस, उत्तर किती दिवसांनी आलं, आणि प्रत्यक्ष बोलावलंस तेव्हा तो आला का. गेल्या तीन महिन्यांचे चॅट उघडून भर. आठवणीवर भरू नकोस, कारण न आलेलं उत्तर मनात ठसठसत राहतं आणि आलेलं दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. आजवर तू सगळा हिशेब पहिल्या रकान्यावर केलास. माझ्या मते तो चौघांतला सगळ्यात हलका रकाना आहे आणि चौथा सगळ्यात वजनदार. जो स्वतः कधी मेसेज करत नाही, पण बोलावलं की कात्रजहून पाऊण तास बस पकडून येतो, तो मित्र शाबूत आहे. त्याच्यावर रुसून बसलास तर नुकसान तुझंच.

आता दुसरा रकाना नीट वाच, कारण बहुतेक वेळा खोट तिथे सापडते. 'काय चाललंय?', 'कसा आहेस?', 'भेटू रे एकदा' असे मेसेज रांगेने दिसतील. पाठवायला हे सगळ्यात सोपे आणि उत्तर द्यायला सगळ्यात कठीण. 'कसा आहेस'चं खरं उत्तर दोन पानी असतं आणि 'मजेत' एवढंच लिहिणं त्याला अपुरं वाटतं. म्हणून तो ठरवतो की रात्री निवांत लिहू. रात्री तो दमलेला असतो. दुसऱ्या दिवशी उशिराचं कारणही द्यावं लागेल असं वाटतं, आठवड्याने तर माफीच मागावी लागेल. उत्तर न दिलेला मेसेज असा सावकारी व्याजाने वाढत जातो आणि शेवटी माणूस तो चॅट उघडायचंच टाळतो. विशेष म्हणजे ज्याच्याबद्दल आस्था जास्त, त्याच्याच बाबतीत हे जास्त घडतं. परक्याला 'हो, चालेल' लिहायला काही लागत नाही.

म्हणून मेसेज असा लिही की उत्तर पायऱ्या चढता चढता देता यावं. एका मेसेजात एकच गोष्ट. प्रश्न विचारायचा तर हो-नाहीत किंवा चार शब्दांत मिटणारा. भेटीचा मेसेज असेल तर वार, तारीख, वेळ, जागा आणि किती वेळ, हे पाचही हवेत. उदाहरणार्थ: 'शनिवारी 14 तारखेला संध्याकाळी 5 ला डेक्कनला गुडलकमध्ये बन-मस्का खायला जातोय, तासभर असेन. येतोस?' यातलं 'जातोय' महत्त्वाचं. तुझं जाणं त्याच्या होकारावर टांगलेलं नाही, त्यामुळे नाही म्हणायला त्याला संकोच नाही आणि नाही आलं तरी तुझी संध्याकाळ फुकट जात नाही. पण मग खरंच जा. पुस्तक घेऊन जा हवं तर.

दुसऱ्या प्रकारच्या मेसेजला उत्तर लागतच नाही, आणि तसं स्पष्ट लिहायचं. होस्टेलच्या मेसमधल्या पातळ आमटीसारखी आमटी कुठे दिसली तर फोटो काढून 'ही बघून तुझी आठवण आली, उत्तर नको' एवढंच. आवाजी निरोप पाठवत असशील तर एका मिनिटाच्या आत संपव. चार मिनिटांचा निरोप म्हणजे ऐकणाऱ्यासाठी आणखी एक राहिलेलं काम. आणि ज्या वाक्यांत हिशेब आहे ती खोडून टाक: 'विसरलास वाटतं', 'आता काय, मोठी माणसं', 'तीन मेसेज केले'.

निळ्या टिकांचं तुला फार लागतं असं दिसतं. व्हॉट्सअॅपवर त्या 2014 च्या नोव्हेंबरात आल्या आणि तेव्हापासून 'वाचलं तरी उत्तर नाही' हे नवं दुखणं सुरू झालं. मेसेज वाचण्याची आणि उत्तर देण्याची वेळ एकच असते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पहिली वेळ सिग्नलला उभं असतानाची असते. सेटिंगमध्ये जाऊन तुझ्याकडच्या निळ्या टिका बंद कर. त्यामुळे इतरांच्याही तुला दिसणार नाहीत, आणि आपल्याला तेच हवं आहे. ग्रुपमधल्या टिका आणि आवाजी निरोप ऐकल्याची खूण मात्र तरीही दिसत राहते, तिकडे बघू नकोस.

किती वेळा पाठवावं, हा तुझा खरा प्रश्न. माझं माप असं आहे. जवळच्या चार-पाच जणांना पंधरा दिवसांतून एकदा, बाकीच्यांना दोन-तीन महिन्यांतून एकदा, परगावी आणि परदेशी असलेल्यांना वर्षातून तीन-चारदा. एका मेसेजला उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवस जाऊ दे आणि दुसरा मेसेज संपूर्ण वेगळ्या विषयावर कर, पहिल्याचा उल्लेख न करता. त्यामुळे साचलेलं व्याज माफ झालं असं त्याला न सांगता कळतं. तेही गेलं तर एक फोन. तोही गेला तर दोन-तीन महिने त्याचं नाव बाजूला ठेव. त्यानंतर लगेच आणखी एक मेसेज पाठवलास तर तो आपुलकीचा वाटत नाही, वसुलीचा वाटतो.

फोनबद्दल तुझ्या पिढीला उगाच धास्ती आहे. न सांगता फोन करणं आगाऊपणाचं वाटतं ना? मग सांगून कर: 'आज 7 ते 8 मध्ये दहा मिनिटं फोन करू?' आणि दहाव्या मिनिटाला तूच 'चल, ठेवतो' म्हण. ज्याचा फोन वेळेत संपतो त्याचा पुढचा फोन उचलला जातो. मेसेजवर आठवडा घालवणारी कितीतरी माणसं फोनवर मनमोकळी बोलतात. त्यांना टाइप करण्याचाच कंटाळा असतो. वेळ मात्र त्यांची बघायची. हिंजवडीहून परतणारा कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर बोलू शकतो, दुचाकीवाला नाही. निवासी डॉक्टर झालेल्या तुझ्या मित्राला तर वेळच विचारू नकोस. त्याची ड्यूटी कधीकधी दीड दिवस चालते. त्याला 'उत्तर नको' प्रकारचेच मेसेज पाठव आणि त्याची पोस्टिंग बदलते कधी एवढं लक्षात ठेव.

आता माणसांचे प्रकार, वहीतून दिसतील ते. उशिरा उत्तर देतो पण येतो, त्याच्याबद्दल बोलून झालं. पटकन उत्तर देतो, हसऱ्या चेहऱ्यांची माळ लावतो आणि सहा महिन्यांत एकदाही येत नाही, तो जास्त फसवा, कारण पहिले तीन रकाने बघून तो जवळचा वाटतो. त्याला घोळक्यात बोलाव, एकट्याला भेटायचं त्याला अवघड जात असेल. तिसरा, काम पडलं की उगवणारा: नोकरीसाठी रेफरल हवा, भाड्याची खोली हवी. त्याचं काम जमत असेल तर कर, जमत नसेल तर नाही म्हण, पण त्याच्या फोनला आठवण समजून हुरळू नकोस. एमपीएससी करणारा तुमच्यातला जो सदाशिव पेठेत राहतो, तो वेगळ्याच कारणाने टाळतो. त्याला ओळखीचा प्रत्येक माणूस 'निकाल काय लागला' विचारतो, म्हणून फोन वाजला की पोटात गोळा येतो. त्याला लिही: 'अभ्यासिकेखाली येतो, वीस मिनिटं चहा, अभ्यासाचं एक अक्षर काढणार नाही.' आणि काढू नकोस.

लग्न होऊन नाशिकला गेलेल्या मैत्रिणीला लिहिताना एवढं ध्यानात ठेव, की नव्या घरात तिचा फोन बऱ्याचदा चारचौघांत उघडतो. कुणीही वाचलं तरी चालेल असं लिही, रात्री दहानंतर लिहू नकोस, आणि तिच्या नवऱ्याशी ओळख करून घे. पुढच्या वेळी दोघांना जेवायला बोलावलंस की पुष्कळ गोष्टी सोप्या होतील.

मला वाटतं तुमच्या पिढीचं मोठं नुकसान दुसरीकडेच झालं आहे. आधी कुणी बोलवायचं हा प्रश्न आपल्याकडे पंचांगाने सोडवला होता. दसऱ्याला सोनं द्यायला जायचं, दिवाळीत फराळाला, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, कोजागरीला गच्चीवर दूध. कुणी पुढाकार घेतला आणि कुणी नाही, हे मोजायची सोयच नव्हती, कारण पुढाकार तिथीचा असायचा. आता त्या जागी दोनशे जणांना एकदम गेलेलं दिव्याचं चित्र येतं. दोनशे जणांना पाठवलेल्याला उत्तर कोण देणार? तू तिथी वापर, फॉरवर्ड सोड. आपट्याची चार पानं खिशात घालून दसऱ्याच्या संध्याकाळी पुण्यातल्या तिघांच्या दारी जा, प्रत्येकाकडे पंधरा मिनिटं. फराळाचा डबा नेलास तर आणखी एक गंमत होते: रिकामा डबा परत करायला त्याला यावंच लागतं.

हेच तत्त्व भिशीचं. दहा बायका दर महिन्याला न चुकता जमतात, ते एकमेकींचे मेसेज वाचून नव्हे. तारीख ठरलेली असते, पाळी ठरलेली असते आणि हजार रुपये अडकलेले असतात म्हणून. तुमच्या ग्रुपवर 'भेटूया' लिहिलं की सात-आठ अंगठे येतात आणि कुणीच येत नाही, कारण सगळ्यांना विचारलेलं म्हणजे कुणालाच विचारलेलं नाही. ग्रुपवर लिहिण्याआधी दोघांना स्वतंत्रपणे फोन करून तारीख पक्की कर. मग ग्रुपवर 'आम्ही तिघे जातोय, कोण कोण?' असं लिही. मतदान घ्यायचं तर दोनच तारखा दे आणि दुसऱ्या दिवशी रात्री बंद कर; सात पर्याय दिलेस की सातही पडतात. नवांपैकी तीन आले तर भेट झाली असं धर. आणि जमल्यास दर महिन्याचा पहिला रविवार कायमचा ठरवा, सकाळी आठला पर्वतीच्या पायथ्याशी, पाळीपाळीने एकेकाने पोह्यांचे पैसे द्यायचे. पहिले तीन महिने तू आणि आणखी एकच असाल. चौथ्या महिन्यात बंद केलंस तर मग काहीच उभं राहणार नाही.

इतकं करूनही एखाद्याबद्दल सल राहिली, आणि माणूस जवळचा असेल, तर एकदा बोल. समोरासमोर, दोघंच असताना, भेटीच्या सुरुवातीला. निघताना जिन्यात नाही. वाक्य दोनच हवीत: 'हल्ली दर वेळी मीच फोन करतोय असं मला वाटायला लागलंय. पुढच्या महिन्यातली भेट तू ठरवशील?' यात 'नेहमी', 'कधीच' हे शब्द आले की तो अपवाद शोधायला लागतो आणि भांडण तारखांवर जातं. दीड वर्षाचा इतिहास काढू नकोस. बहुतेक जण चपापतात आणि खरंच ठरवतात, एकदा तरी. कुणी म्हणेल, 'अरे, मला हे जमतच नाही, तूच कर, मी येतो.' हे प्रामाणिक उत्तर आहे, ते मान्य कर आणि मग पुन्हा तक्रार नाही. कुणी हसण्यावारी नेईल आणि पुढचा महिना कोरडा जाईल. तेही उत्तरच आहे.

एक शांतता मात्र वेगळी ओळखायला शीक. पूर्वी वेळेवर उत्तर देणारा अचानक सगळ्यांनाच उत्तर देईनासा झाला, ग्रुपमधून निघाला, फोटो काढून टाकला, दिवाळीला घरीही गेला नाही, तर तो तुला टाळत नसून बुडत असू शकतो: नोकरी गेलेली, कर्ज झालेलं, मन खचलेलं. तिथे वरचे आठ-दहा दिवसांचे नियम लागू नाहीत. त्याच्या रूममेटला किंवा भावाला त्याच दिवशी फोन कर आणि शक्य असेल तर जा. भेटल्यावर 'काही लागलं तर सांग' म्हणू नकोस, ते कुणी सांगत नाही. 'जेवायला चल' म्हण. जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलला तर त्याला एकटा सोडू नकोस, घरच्यांना कळव, आणि 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक लाव. केंद्र सरकारची ही सेवा 2022 पासून आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

थोडे आकडेही सांगतो, म्हणजे सगळा दोष स्वतःकडे ओढून घेणार नाहीस. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मांडलेला अंदाज असा, की ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात, मित्र व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. होस्टेलवर रोज चार तास धरलेस तर 200 तास पन्नास दिवसांत भरतात. आता महिन्याला दोन तास भेटलात तर वर्षाचे 24. मैत्री आटल्यासारखी वाटते त्यात हा भागाकार मोठा आहे, आणि ऑफिसातले नवे लोक अजून 'आपले' का वाटत नाहीत याचं कारणही त्यातच आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात पाचेक जण मावतात, त्याबाहेरच्या वर्तुळापर्यंत पंधरा. बाकीच्या आठही जणांना आतल्या पाचांत धरून ठेवायचा तुझा हट्ट आहे. तो तुलाही झेपणार नाही. आणि 2022 मध्ये संशोधक पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की अचानक आठवण काढणाऱ्याला वाटतं त्याहून समोरच्याला जास्त बरं वाटतं. निरोप जितका अनपेक्षित, तितकं अधिक. 'फार दिवस झाले, आता कसं करू' म्हणून थांबलेला असशील तर हे तुझ्या बाजूचं आहे.

सहा महिन्यांत चार नेमकी बोलावणी, एक फोन आणि एक स्पष्ट बोलणं होऊनही चौथा रकाना कोराच राहिला, तर ते नाव पंधरा दिवसांच्या यादीतून काढून वर्षाच्या यादीत टाक. जाहीर करू नकोस, ब्लॉक करू नकोस, ग्रुपवर निरोपाचं भाषण देऊ नकोस. चॅट अर्काइव्ह कर म्हणजे रोज डोळ्यांपुढे येणार नाही. वाढदिवसाला एक ओळ, आणि घरात कुणी गेलं तर मात्र स्वतः जायचं, त्यात हिशेब नाही. मुलं-बाळं झाल्यावर, नोकरी बदलल्यावर, गाव सुटल्यावर जी माणसं परत येतात ती याच यादीतून येतात. मोकळे झालेले तास ऑफिसातल्या त्या दोघांना दे, ज्यांच्याबरोबर तू रोज जेवतोस आणि ज्यांची आडनावंही तुला नीट माहीत नाहीत.

तुझा,
हितचिंतक

ता. क. कॅलिफोर्नियातल्या मित्राचं घड्याळ आपल्या मागे आहे: मार्च ते नोव्हेंबर साडेबारा तास, थंडीत साडेतेरा. तू रात्री साडेदहाला जेवून मेसेज करतोस तेव्हा तिकडे सकाळचे दहा किंवा नऊ वाजलेले असतात, म्हणजे त्याच्या मीटिंगची वेळ. तुझ्या रविवारी सकाळी साडेनऊला फोन कर. त्याच्याकडे शनिवारची रात्र असते, जेवण झालेलं असतं, आणि तो बहुतेक भांडी घासत असतो. भांडी घासणारा माणूस भरपूर बोलतो.